त्ते, थे आणि त्’ए

सोमवार, रात्री

आजचा सगळा वेळ या तीन शब्दांवर गेला आणि तो सत्कारणी लागला. पोंका आणि ओमाहा या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमाती; त्यांची भाषा एकच, बोली तेवढ्या निराळ्या. तिच्यात त्ते म्हणजे बायसन, त्’ए म्हणजे मरणं आणि थे हे निव्वळ उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या the-सारखा नामाला जोडायचा शब्द.

त आणि थ मराठी कानाला आयते मिळालेले आहेत. तरी घसरायला होतंच. त्ते म्हणताना साधा ‘ते’ निघतो. ‘पत्ता’ म्हणताना दाबतो तशी जीभ दातांमागे क्षणभर दाबून धरायला हवी, तीही शब्दाच्या सुरुवातीलाच. त्’ए तर आपल्याकडे नाहीच. जीभ त-ला लावायची, जड पोतं उचलताना गळा बंद होतो तसा करायचा, आणि गळा न उघडता जीभ सोडायची. कोरडा ‘टच्’ आला की मगच गळा उघडून ‘ए’. श्वास आधी सुटला तर थे होतं. तळहात ओठांपुढे धरावा: ऊबदार वारा फक्त थे-ला लागतो.

१८७१ मध्ये मिशनरी म्हणून पोंकांकडे गेलेल्या जेम्स ओवेन डॉर्सीने हे त्ते-सारखे दाबलेले वर्ण छपाईचे खिळे उलटे लावून छापले. त्याची पानं उतरवून घेताना उलटं अक्षर सुलट केलं की शब्दच बदलतो, म्हणून तिथे डोळ्यांत तेल घालून बघावं.

उपपदांचा भाग मला सर्वांत देखणा वाटतो. वस्तू कशी आहे ते उपपद सांगतं: उभी असली तर थे, आडवी लांब असली तर खे, विखुरलेली असली तर गे. घर म्हणजे त्ती थे, नदी म्हणजे नी खे. नुसतं नाम पाठ केलं तर बोलताना उपपद सुचतच नाही, आणि चुकीचं लावलं की घर आडवं पडतं.

१८७७ मध्ये पोंकांना ज्या नायोब्रारा नदीच्या काठावरून हाकललं, तिचं नाव ‘पसरलेलं पाणी’, शेवटी खे. मूळ नावातला, द आणि ल यांच्या अधला-मधला हलका वर्ण परक्यांनी र ऐकला आणि खे टाकून दिला. नदीचं नाव घोकताना तो खे लावूनच घोकावा.