तोनो: जिथे भुतांनाही पत्ता असतो

तोनो स्टेशनच्या बाहेर आलं की समोर पोलिसचौकी दिसते आणि तिला कप्पाचं तोंड आहे. डोळे, चोच, सगळं. कप्पा म्हणजे नदीच्या डोहात राहणारा, डोक्यावर पाण्याची बशी असलेला प्राणी. घोडे आणि पोरं पाण्यात ओढतो, पण बशीतलं पाणी सांडलं की त्याची ताकद संपते. या गावात तो दुकानांच्या पाट्यांवर आहे, खाऊच्या खोक्यांवर आहे, दगडी पुतळे होऊन बसलेला आहे. मला जरा धास्तीच वाटली. भुतं गोंडस करून एकदा विकायला काढली की जे बघायला आलो त्या तोनोच्या नगर संग्रहालयातसुद्धा तोच माल मांडलेला असणार!

तोनो जपानच्या ईशान्येला, इवाते प्रांतातल्या डोंगरांच्या खोलगट वाटीत आहे. टोकियोहून शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, शिन-हानामाकी आणि तिथून कामाइशी लाइनची छोटीशी गाडी. या लाइनवरच्या प्रत्येक स्टेशनाला एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेतलं एक टोपणनाव आहे, कारण हानामाकीचे कवी मियाझावा केन्जी यांना त्या भाषेचं वेड होतं. तोनोचं टोपणनाव ‘फोल्क्लोरो’, म्हणजे लोककथा. दुसरं काय असणार!

संग्रहालय स्टेशनपासून चालत दहाएक मिनिटांवर, नगर वाचनालयाच्याच इमारतीत आहे. 1980 साली सुरू झालं तेव्हा फक्त लोकजीवन आणि लोकपरंपरा यांना वाहिलेलं जपानमधलं ते पहिलं सार्वजनिक संग्रहालय होतं. पण त्याचा सगळा डोलारा उभा आहे तो 1910 साली निघालेल्या एका बारक्या पुस्तकावर. ‘तोनो मोनोगातारी’, म्हणजे तोनोच्या गोष्टी. एकूण 119. पहिल्या आवृत्तीच्या प्रती फक्त 350. लिहिणारे यानागिता कुनिओ हे टोकियोतले सरकारी अधिकारी. पुढे जपानी लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचे जनक म्हणून नावाजले गेले. सांगणारा होता सासाकी किझेन, तोनोजवळच्या त्सुचिबुची गावातला विशी ओलांडलेला मुलगा. लेखक व्हायला टोकियोला आलेला. संध्याकाळी जाऊन तो गावाकडच्या गोष्टी सांगायचा आणि यानागिता त्या उतरवून घ्यायचे.

त्या उतरवून घेण्यातच खरी गंमत आहे. ‘एक होता राजा’ अशी सुरुवात नाही. लिखाण थेट पंचनाम्याचं. अमक्या गावातलं अमकं घर, घरमालकाचं नाव, तो अजून जिवंत आहे की नाही, आणि त्या घरात काय घडलं. उदाहरणार्थ, झाशिकी-वाराशी हे लहान मुलाच्या रूपातलं घरचं दैवत. ते आहे तोवर घराची भरभराट. यामागुची वस्तीतल्या एका श्रीमंताच्या घरातून दोन अनोळखी मुली निघून जाताना एकाने पाहिल्या. थोड्याच दिवसांत त्या घरातली नोकरचाकरांसह वीसेक माणसं विषारी आळंबी खाऊन एका दिवसात मेली. उरली फक्त सात वर्षांची एक मुलगी. एवढंच. वर तात्पर्य वगैरे काही नाही.

संग्रहालयानेही हाच पत्त्यांचा हिशोब धरलाय, आणि माझी धास्ती तिथेच गेली. आधी एका छोट्या प्रेक्षागृहात पडद्यावर गोष्टी दाखवतात, पण त्यात फार रमू नका. पुढची दालनं महत्त्वाची. पेठ, गाव आणि डोंगर असे तोनोचे तीन थर आहेत आणि कुठली गोष्ट कुठल्या थरातली ते तिथल्या वस्तूंवरून कळत जातं. पेठ म्हणजे किनारा आणि आतला मुलूख यांच्यामधली बाजारपेठ. मासे, मीठ, धान्य, सगळं घोड्यांच्या पाठीवर. बाजाराच्या दिवशी हजार घोडे आणि हजार माणसं जमत, असं पुस्तकातच म्हटलंय. गाव म्हणजे शेती, रेशीम आणि पुन्हा घोडे. इथलं जुनं घर, मागारिया, काटकोनात वळलेलं असतं. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला तबेला, छप्पर एकच. चुलीची ऊब घोड्यांपर्यंत पोचायची. घोड्याच्या खोगिरासमोर आणि बर्फात घालायच्या गवती बुटांसमोर थोडा वेळ उभं राहिलं की पुढच्या कपाटातली दैवतं आपोआप उलगडतात.

ती दैवतं म्हणजे ओशिरासामा. तुतीच्या लाकडाच्या, साधारण वीतभर ते फूटभर लांबीच्या काठ्यांची जोडी, एकीच्या टोकाला मुलीचं डोकं, दुसरीच्या टोकाला घोड्याचं. अंगावर कापडाचे थरावर थर. दरवर्षी एक नवं कापड चढवायचं, जुनं काढायचं नाही. काहींची डोकी कापडातून वर आलेली, काहींची पूर्ण झाकलेली, नुसतं गाठोडंच. गोष्ट अशी: शेतकऱ्याच्या मुलीचा घोड्यावर जीव जडला, दोघं नवरा-बायको झाली. बापाला कळलं तेव्हा त्याने घोड्याला तुतीच्या झाडाला टांगून मारलं. मुलगी घोड्याला बिलगून रडायला लागली तसं चिडून त्याने घोड्याचं डोकं तोडलं, आणि ते डोकं मुलीला घेऊन आकाशात निघून गेलं. तुती हा रेशीमकिड्यांचा पाला, घोडा हा घरातलाच एक जीव. दोन्ही धंदे एका काठीवर! या मूर्ती देवळात नाही, घरात राहतात आणि त्यांचं सगळं बायकांकडे असतं. वर्षाच्या पहिल्या महिन्यातल्या सोळाव्या दिवशी त्यांना बाहेर काढून ‘खेळवतात’. ज्या घरात ओशिरासामा आहे तिथे मांस-अंडी खाल्लेली त्यांना खपत नाही, तोंड वाकडं होतं म्हणे. (तोनोची खासियत मात्र बादलीतल्या कोळशावर भाजलेलं मेंढीचं मांस. ते घराबाहेर चालत असावं.)

डोंगराचा थर सगळ्यात अस्वस्थ करणारा. हायाचिने, रोक्कोशी आणि इशिगामी असे तीन डोंगर आणि त्यांच्या देवी तीन बहिणी. धाकटीने झोपेत थोरलीच्या छातीवरचं दैवी फूल चोरलं म्हणून 1,917 मीटरचा हायाचिने तिला मिळाला. इथवर ठीक. पण डोंगराकडे जाणाऱ्या वाटांवर माणसं नाहीशीही होतात. नासपतीच्या झाडाखाली चपला सोडून हरवलेली एक मुलगी तीस वर्षांनी म्हातारी होऊन, सोसाट्याच्या वाऱ्याच्या दिवशी परतते, सगळ्यांना भेटते आणि पुन्हा जाते. आणि देन्देरानो नावाचं माळरान. साठी ओलांडलेल्यांना तिथे सोडून द्यायची चाल होती. त्यांना लगेच मरण येत नसे, म्हणून ते म्हातारे सकाळी खाली उतरून शेतात राबायचे आणि संध्याकाळी माळावर परतायचे. ही गोष्ट पुस्तकात आहे, माळरान आजही आहे.

हा भाग थंड. उन्हाळ्यात समुद्रावरून गार वारा आला की भात पोसत नाही. गावाबाहेरच्या रानात शेवाळलेल्या शिळांवर कोरलेले पाचशे अर्हत, म्हणजे बुद्धाचे ज्ञानी शिष्य, आहेत, अठराव्या शतकातल्या दुष्काळात मेलेल्यांसाठी दाइजिजी मठाच्या गिझान नावाच्या भिक्षूने कोरलेले. ते बघून आल्यावर साठीच्या म्हाताऱ्यांची गोष्ट दंतकथा वाटत नाही. माझ्या मते हे संग्रहालय भुतांचं नाहीच, भुकेचं आणि घोड्यांचं आहे, आणि म्हणूनच ते चांगलं आहे.

99वी गोष्टही मला तिथेच आठवली. 1896 च्या त्सुनामीत बायको आणि एक मूल गमावलेला माणूस, मूळचा इथलाच, किनाऱ्यावर सासुरवाडीत राहिलेला. वर्षभराने धुक्याच्या चांदण्या रात्री त्याला बायको दिसते, लग्नाआधी तिचं ज्याच्यावर प्रेम होतं अशा, त्याच लाटेत मेलेल्या माणसाबरोबर. ‘आता मी याच्याशी संसार मांडलाय,’ ती सांगते. मागे राहिलेल्या मुलांचं नाव काढल्यावर मात्र रडते. 2011 च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावर मदतीला जाणारे स्वयंसेवक याच तोनोत तळ ठोकून होते, कारण कामाइशी इथून तासाभरावर. शंभर वर्षांपूर्वी घोडे ज्या रस्त्याने मासे आणत, तोच साधारण रस्ता.

दुपारी भाड्याच्या सायकली घेऊन आम्ही जोकेनजी मंदिरामागच्या कप्पाबुचीला गेलो. भातखाचरांमधून पाच-सहा किलोमीटर, चढ जवळजवळ नाही. ओढा उथळ, झाडीत अंधारलेला. बांबूच्या काठीला काकडी बांधून गळ टाकायची सोय आहे, कारण कप्पाला काकडी आवडते. नवऱ्याने हौसेने पर्यटन संघाचा कप्पा पकडण्याचा परवाना घेतला होता. त्याच्या मागे नियम छापलेत: आमिषाला ताजी भाजीच वापरावी, कप्पाचं तोंड लालभडक असावं (तोनोचे कप्पा हिरवे नव्हेत, लाल!), डोक्यावरच्या बशीतलं पाणी सांडू नये, आणि त्याला जिवंत, इजा न करता पकडावं.

तासभर काकडी पाण्यात सोडून बसलो. मी तोवर पुस्तकातली 55वी गोष्ट नवऱ्याला सांगितली. मात्सुझाकी गावातल्या एका घरात कप्पापासून मूल झालं. हाताला पडदे असलेलं. घरच्यांनी ते तुकडे करून एक शोच्या, म्हणजे जेमतेम पावणेदोन लिटरच्या पिंपांत भरलं आणि पुरलं. दुष्काळात नको असलेल्या पोरांचं काय व्हायचं, ते सांगायची ही एक रीत असावी असं काही अभ्यासक मानतात. नवऱ्याने परवाना उलटवून ‘इजा न करता’वाला नियम पुन्हा वाचला आणि काकडी सोडवून ठेवली.