'चीक'ची पाटी

कॉलेजच्या आमच्या भयपटाचं नाव 'चीक'. रात्रीची लाईट आली म्हणून मोटर चालू करायला केळीच्या बागेत गेलेला पोरगा, बारा मिनिटांची गोष्ट, शूटिंग रावेरला आमच्याच शेतात. पडद्यावर नाव दाखवणारी पाटी करायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं.

आधी सगळे करतात तेच केलं. काळ्यावर गडद लाल, अक्षरांखाली ओघळ. लॅपटॉपवर भारी वाटलं. हॉलच्या प्रोजेक्टरवर नावच दिसेना. मग शोधलं. पडद्यावरच्या पांढऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा जेमतेम २१. त्यात लाल रक्तासारखा गडद घेतला की तो काळ्यात बुडतो. शिवाय नेहमीच्या व्हिडिओ फाईलीत चार पिक्सेल मिळून रंग एकदाच साठवतात, म्हणून लाल अक्षरांच्या कडा फाटतात.

रंग घरी दोरीवरच वाळत होता. आबांचा बागेतला सदरा. केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी, काळपट. "केयीचा डाग हाये तो, निंघत नाही," आई म्हणाली. मी भर उन्हात सदऱ्याचा फोटो काढला आणि त्या डागातूनच रंग उचलला. मळकट पांढऱ्यावर काळपट तपकिरी. भयपटाला पांढरी पाटी? टीममधले दोघं ऐकेनात, संध्याकाळभर भांडले. बागेतल्या मिट्ट अंधारानंतर एकदम तो सदरा पडदाभर आला की डोळ्यांना बसतो तो धक्का मला हवाच होता.

फॉन्टमध्ये रोझा वनचा मोह झाला, पण त्याच्या बारीक रेघा लांबून विरतात. शेवटी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्ता' घेतला, सगळ्यात जाड वजनाचा. साधा, बाजार समितीच्या फलकासारखा. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे आकार सुटे केले आणि 'ची' आणि 'क' यांच्या मधे शिरोरेषा तिरपी कापली, घड उतरवताना दांड्यावर विळा पडतो तशी. देवनागरीत ती रेघ तुटली की शब्द दुखावल्यासारखा दिसतो. ओघळ एकच ठेवला, कापलेल्या टोकाला. दांड्यातून चीक तिथूनच गळतो.

काल पाटी पुन्हा त्याच हॉलमध्ये लावली. शेवटच्या रांगेतून वाचता आली.