प्रार्थना असावी की नसावी, हे मला विचारणाऱ्यांसाठी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नाच्या पंगतीत, निपाणीच्या स्टँडवर, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकच प्रश्न: "बाई, सरकारी शाळेत प्रार्थना असावी की नसावी?" उत्तर एका शब्दात हवं असतं. त्या शब्दावरून मी कुणाची, ते ठरणार. दोन वाक्यं जास्त बोलायला गेले की समोरचा वाढप्याला हाक मारतो.

तर आधी माझी बाजू. घरी देव्हारा आहे, संकष्टी धरते, सरस्वतीची प्रार्थना मला अजून आवडते. मैदानभर चाललेला गलका तिच्या पहिल्या ओळीला कसा खाली बसतो, हे ज्याने पाहिलेलं नाही त्याने मला शिस्तीवर व्याख्यान देऊ नये. आणि कायदा मलाही वाचता येतो. संविधानाचं कलम २८ म्हणतं, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेत सामील करून घ्यायचं नाही. आता सकाळची प्रार्थना धार्मिक शिक्षणात मोडते का? केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेवरून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये दोन न्यायमूर्तींनी तो मोठ्या घटनापीठाकडे जावा असं ठरवलं. त्यांना जे दोघांत उरकलं नाही, ते मी मठ्ठा येईपर्यंत उरकावं अशी तुमची इच्छा.

आमच्या सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पीळ आहे, तो तुम्हाला ठाऊकच आहे. शाळा कर्नाटक सरकारची, माध्यम मराठी. पत्रकं कन्नडात, नाडगीत म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत कन्नडात, बीईओ साहेब, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, आले की बोलणं कन्नडात. सकाळी मैदानावर मोठ्याने, सगळ्यांनी मिळून मराठीत म्हणायची गोष्ट एकच, ती प्रार्थना. त्यामुळे 'प्रार्थना बदलूया का' असं कुणी म्हटलं की गावाला 'मराठी काढूया का' असंच ऐकू येतं. एरवी जत्रेशिवाय देवळाची पायरी न चढणारा माणूसही मग सरस्वतीसाठी बाह्या सरसावतो.

फेब्रुवारी २०२२. उडुपीच्या कॉलेजातून सुरू झालेल्या हिजाबच्या वादाने राज्य तापलेलं. ५ तारखेला गणवेशाचा सरकारी आदेश निघाला, पाठोपाठ हायस्कुलं-कॉलेजं तीन दिवस बंद राहिली. आमची प्राथमिक शाळा चालू होती. प्रार्थना सांगायला सहावीतला एक मुसलमान मुलगा पुढे असायचा. त्याला आम्ही मुद्दाम निवडलं नव्हतं. त्याचा सूर पक्का होता, इतकंच. पेटी नाही, काही नाही; तो आवाज लावायचा आणि सगळी शाळा त्याच्या मागे जायची. उर्दू शाळा त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती, तरी आईने त्याला मराठीत घातलं होतं.

कुणीतरी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि 'बघा, हा आमचा मराठी मुसलमान' असं लिहून फिरवला. हेतू कौतुकाचाच असेल. थोड्याच दिवसांत मोहल्ल्यातली पोरं त्याला 'भटजी' म्हणून चिडवायला लागली, आणि इकडचे काहीजण विचारायला लागले, आपल्या पोरांना आवाज नाहीत काय?

एसडीएमसीच्या, म्हणजे आमच्या शाळा समितीच्या, बैठकीला त्याची आई आली. कारखान्यात विड्या देऊन थेट आली होती, रिकामं सूप कमरेला. खुर्ची दिली, पण बसली नाही.

"बाई, त्याला पुढं उभं करू नगा. मागं रांगेत नुसता उभा राहूदे. हात जोड म्हणू नगा, तोंड हलव म्हणू नगा. एवढंच."

केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, फक्त गायची नाहीत. त्यांना शाळेतून काढलं ते चूक, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली दिला होता. या बाईने त्यातलं काही ऐकलेलं नव्हतं. मागणी मात्र तेवढीच.

सदस्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. ते म्हणाले, "आमच्या पलटणीत मंदिर परेडला ख्रिश्चन साहेबसुद्धा आमच्याबरोबर उभा राहायचा. त्याचा देव काय बुडाला नाही."

"तुमचा सायेब मोठा माणूस, काका. माझं पोरगं सहावीत हाय."

एक-दोघं हसले. बैठक तिथेच मिटली असती. पण अध्यक्षांनी विचारलं, "नाडगीत म्हणायला चालतं, आणि मराठी प्रार्थना तेवढी चालत नाही?" झालं. सुभेदार सावरून बसले. हसणारे गप्प झाले. ती म्हणाली, "मराठी नको असती तर तुमच्या शाळेत कशाला घातलं असतं?" याला कुणाकडे उत्तर नव्हतं, म्हणून सगळे एकदम बोलायला लागले.

मी सुचवलं की दोन मिनिटं मौन ठेवू, ज्याने त्याने आपापलं मनात म्हणावं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, मौन आम्ही १७ जानेवारीला पाळतो." सीमालढ्यातल्या १९५६च्या हुतात्म्यांचा विषय निघाल्यावर या भागात पुढे कोण काय बोलणार? ठराव झाला: प्रार्थना पूर्ववत, सहभाग ऐच्छिक. मराठी राखल्याचा तो ठराव आम्ही लिहिला मात्र कन्नडात, कारण वर पाठवायचा होता.

ऐच्छिक म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. तो मागच्या रांगेत हात सोडून उभा. पुढे सूर भलतीकडेच चाललेला, त्यामुळे पोरं माना वळवून त्याच्याकडे बघतायत. आमचे एक सर त्याच्याच रांगेतून पुन्हा पुन्हा चक्कर मारतायत. कुणी त्याला एका शब्दाने बोललं नाही. वार्षिक परीक्षा झाल्यावर आईने दाखला नेला. कारण विचारलं तर म्हणाली, "ती शाळा जवळ पडतीय." ती सुरुवातीपासूनच जवळ होती. आमचा पट एकाने घटला. आणि मराठी शाळेचा पट टिकावा म्हणून मे महिन्याच्या उन्हात घरोघर हिंडणारे आम्हीच.

तुम्ही म्हणाल, मग प्रार्थना बंदच करायची होती. नोकरीला लागले तेव्हाची मी असं म्हणणाऱ्याला हसले असते. एक मूल अवघडतं म्हणून सगळ्यांची सकाळ का मोडायची? तिचं म्हणणं मला आजही पुरतं खोडता येत नाही. निवृत्त होईपर्यंत मी प्रार्थना बंद केली नाही. गावाची भीती होती का? होती. पण ती प्रार्थना मला हवीही होती. यातलं किती भीतीपोटी आणि किती आवडीपोटी, ते निवडून दाखवा म्हणू नका.

काहींना वाटतं, आता तोडगा निघालाय: २०२३ पासून कर्नाटकातल्या शाळांत संविधानाची उद्देशिका वाचतात. चांगलंच आहे. पण एकदा जाऊन बघा. पहिली-दुसरीची पोरं डोळे मिटून, हात जोडून, प्रार्थनेच्याच चालीवर 'आम्ही, भारताचे लोक' म्हणतात. 'धर्मनिरपेक्ष'ला अडखळतात आणि पुढच्या शब्दावर उडी मारतात. हात जोडायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मैदानावर रांगेत उभं करून एकसुरात म्हणायला लावलं की पोरांना तेच कळतं. आता हे बघून समाधान मानायचं की काळजी करायची, तुम्हीच सांगा.

माझी पुतणी बेळगावच्या खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. तिनेही हेच विचारलं, पण तिला सोमवारी शाळेत जायचं होतं, म्हणून नीट उत्तर दिलं. प्रार्थना ठेव. मात्र जूनमध्ये नाव घालून घेतानाच पालकांना विचार. सगळ्यांना विचार, नावं बघून नको. आणि प्रार्थना चालू असताना रांगांमधून फिरू नको, पोरांकडे पाठ करून उभी राहा.

"आत्या, अर्जात तसा रकाना नाही."

"मग मागच्या बाजूला लिहून घे."

"आणि हे काय लिहून घेतलंस, असं वरून विचारलं तर?"

"कलम २८ मधला तिसरा पोटभाग सांग."

"कन्नडात सांगू की मराठीत?"