समेची वाट

सप्टेंबर २०२० मध्ये टोरंटोहून मावसभावाचा निरोप आला. ‘पाहिला. संथ आहे.’

एवढंच. त्या वर्षी तिथला महोत्सव बराचसा ऑनलाइन झाला. कॅनडात राहणाऱ्यांना घरबसल्या तिकीट काढून सिनेमे बघता येत होते. आणि हा गडी, ज्याला क्रिकेटखेरीज पडद्यावर काही बघवत नाही, माझ्याआधी चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ बघून मोकळा झाला होता. राग यायचा तो आलाच, पण त्याहून जास्त मी त्या ‘संथ’पाशी अडकले. मोठा लबाड शब्द आहे हा. नदीला लावला की कौतुक, सरकारी कामाला लावला की तक्रार. सिनेमाला लावला की बोलणाऱ्याचा चेहरा बघितल्याशिवाय काही कळत नाही. ‘संथ म्हणजे चांगला की वाईट?’ मी विचारलं. ‘संथ,’ त्याने पुन्हा लिहिलं आणि झोपायला गेला.

ताम्हाणे हा वाट बघायला लावणारा दिग्दर्शक. त्याचा पहिला सिनेमा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातून दोन पारितोषिकं घेऊन आला, इथे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १७ एप्रिल २०१५ला तो थेटरांत लागला. मी दुपारच्या खेळाला गेले होते. शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात आणि पडदा काळाठिक्कर होतो. माझ्या ओळीतले दोघं ‘संपला’ म्हणून उठले, पाय तुडवत दारापर्यंत पोचले आणि पडदा पुन्हा उजळला. न्यायाधीशमहाराज सहलीला निघालेले! परत येऊन बसायची त्या दोघांना लाज वाटली असावी. उरलेला सिनेमा त्यांनी दाराशी उभं राहून पाहिला. ‘कोर्ट’बद्दलचं सगळ्यात प्रामाणिक मत मला आजही तेच वाटतं. कंटाळा तर आलाय, पण पाय निघत नाही.

त्यानंतर पाच वर्षं शांतता. अधूनमधून बातमी यायची. मेक्सिकोचा दिग्दर्शक अल्फॉन्सो क्वारॉन ‘रोमा’ करत होता तेव्हा ताम्हाणे त्याच्याजवळ राहून काम बघत होता. मग कळलं की नवा सिनेमा शास्त्रीय संगीतावर आहे, आणि मराठीतच आहे. मग व्हेनिसची मुख्य स्पर्धा. तिथे २००१ साली मीरा नायरचा ‘मॉन्सून वेडिंग’ होता, त्यानंतर भारतातला सिनेमा थेट हाच. १२ सप्टेंबरला निकाल लागला. सर्वोत्कृष्ट पटकथेचं पारितोषिक, शिवाय समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं वेगळं.

ही बातमी मी वरच्या मजल्यावर जाऊन काकांना दिली. काका म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला स्वतःची सतरंजी घेऊन जाणारा माणूस. कोणत्या साली कोणी कोणता राग कितीला सुरू केला हे त्यांना पाठ आहे, आपल्या मुलीची जन्मतारीख मात्र काकूला विचारावी लागते.

‘पटकथेला?’ काका म्हणाले. ‘गाण्यावरचा सिनेमा आणि बक्षीस पटकथेला?’

मतं फुटायला सुरुवात झाली ती इथे. सिनेमा अजून सात महिने लांब होता.

त्या सात महिन्यांत मी तो दुसऱ्यांच्या डोळ्यांनी इतक्यांदा पाहिला की विचारू नका. स्थळ बघून आलेल्या मंडळींकडून मुलाची माहिती काढतात तसं चाललं होतं. कोणी म्हणायचं की आजवर संगीतावर असा सिनेमा झाला नाही. कोणी म्हणायचं, यात संगीत आहेच कुठे, नुसतं रडगाणं आहे. कामावरचा एक सहकारी परदेशी वृत्तपत्रांतली स्तुती वाचून म्हणाला, ‘इतकी सगळ्यांना आवडलीय म्हणजे नक्की कंटाळवाणी.’ त्याने पाहिलीच नव्हती, पण त्याचं मत सगळ्यांत पक्कं होतं. या तुकड्यांतून माझ्या डोक्यात एक सिनेमा तयार झाला. त्यात पाऊस होता, जुना वाडा होता, तंबोऱ्यावर पडलेली उन्हाची तिरीप होती. खऱ्या सिनेमात यातलं जवळपास काहीच नाही, हे पुढे कळलं.

अशी फाटाफूट काही नवी नाही. १९६०च्या कान महोत्सवात इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनीच्या ‘लाव्हेन्तुरा’ची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. एक बाई बेटावर हरवते आणि सिनेमा तिला शोधायचंच विसरतो, यावर माणसं चिडली. दुसऱ्या दिवशी काही दिग्दर्शक आणि समीक्षकांनी सह्या करून त्याला जाहीर पाठिंबा दिला, परीक्षकांनी खास पारितोषिक दिलं, आणि दोनच वर्षांत एका ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा तो सार्वकालिक यादीत दुसरा आला. ही गोष्ट नेहमी हुर्यो करणाऱ्यांना हसण्यासाठी सांगतात. मला त्यांच्याबद्दल माया वाटते. काय म्हणायचं असतं हे त्यांना अजून कोणी शिकवलं नव्हतं. बाई सापडली नाही म्हणून ते रागावले, म्हणजे निदान ते तिला शोधत तरी होते.

‘द डिसायपल’ ३० एप्रिल २०२१ला, शुक्रवारी नेटफ्लिक्सवर आला. थेटरं बंद होती. दुसरी लाट ऐन भरात होती, रस्त्यावर रुग्णवाहिकेशिवाय आवाज नव्हता. त्या महिन्यात १३ तारखेला ‘कोर्ट’मधले लोकशाहीर, वीरा साथीदार करोनाने गेले. १९ला सुमित्रा भावे गेल्या. ‘कासव’ आणि ‘अस्तु’च्या दिग्दर्शिका सुमित्राताई. नव्या सिनेमात माई नावाच्या कुणाला न दिसणाऱ्या, कधी ध्वनिमुद्रण करू न दिलेल्या गायिकेचा आवाज त्यांचा आहे. सिनेमाचा नायक शरद हा शास्त्रीय गाणं शिकणारा तरुण. मुंबईच्या रिकाम्या रस्त्यावरून रात्री तो मोटरसायकल चालवतो, कानात माईंच्या जुन्या व्याख्यानाच्या टेपा, मागे तंबोरा. साधना म्हणजे काय, काय सोडावं लागतं, हे तो आवाज शांतपणे, जराही दयामाया न दाखवता सांगत राहतो. सुमित्राताई जाऊन अकरा दिवस झाले होते. आमच्या खोलीत कोणी बोललं नाही. सातासमुद्रापलीकडून मतं पाठवणाऱ्या कोणालाही हा सिनेमा असा दिसला नसणार.

नेटफ्लिक्स आमच्याकडे, म्हणून काका-काकू मास्क लावून खाली आले होते. काकूंनी कैरीची डाळ आणली होती. काकांचा हिशोब साधा होता. २०१५ साली एकाच वर्षात ‘कोर्ट’ही आला आणि दिवाळीत ‘कट्यार काळजात घुसली’ही. त्यांनी पहिला टाळला होता, दुसरा तीनदा पाहिला होता. आता ‘कोर्ट’वाल्याने गाण्यावर सिनेमा केलाय म्हणजे अखेर त्याला सुबुद्धी झाली, असं त्यांचं मत.

सुरुवात झकास झाली. शरदचे गुरुजी गायला बसले आणि काका ओरडले, ‘अरे, हे तर अरुण द्रविड! किशोरीताईंचे शिष्य!’ मांडीवर ठेका सुरू झाला. मग शरदची, म्हणजे आदित्य मोडकची, तान अडखळली, गुरुजींनी झापलं, काकांनी ‘बरोबर’ म्हणून मान डोलावली. मग शरद पुन्हा अडखळला. पुन्हा. कॅमेरा लांब उभा राहून हे सगळं बघत राहतो, जवळ जायचं नावच नाही. ‘चेहरा तरी दाखव की रे जवळून,’ काका पुटपुटले. मध्यरात्री शरद एकटाच कॉम्प्युटरसमोर बसून नको ते बघतो, त्या प्रसंगाला काकांना एकदम तहान लागली आणि ते बराच वेळ स्वयंपाकघरात माठ शोधत राहिले. काकू जागच्या हलल्या नाहीत. ‘एकटा आहे बिचारा,’ एवढंच म्हणाल्या.

काका खरे रंगले ते एकदाच. एक जुना संग्राहक शरदला माईंबद्दल आणि गुरुजींबद्दल नको नको ते ऐकवतो आणि शरद त्याच्या तोंडावर ग्लास रिकामा करतो. ‘वाहवा!’ काकांनी अशी दाद दिली, जशी ते फक्त गाण्यातली एखादी जागा फार सुरेख घेतली तर देतात. मग दोन मिनिटांनी, हळूच, ‘तो म्हणत होता त्यातलं सगळंच काही खोटं नसतं हं.’

सिनेमा संपला तेव्हा साडेअकरा वाजले होते. काकांनी जाहीर केलं, ‘संथ.’ या वेळी चेहरा समोर होता.

‘काका, तुम्ही विलंबित एकताल तासभर ऐकता,’ मी म्हटलं. ‘तालाच्या एकेका आवर्तनाला, एकेका फेऱ्याला, मिनीट मिनीट लागतं. तेव्हा नाही कंटाळा येत?’

‘तिथे सम येते,’ काका म्हणाले. ‘कितीही लांबव, पण शेवटी समेवर येतो ना माणूस. हा आलाच नाही.’ सम म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा, जिथे गाणारा फिरून परत येतो.

मी रात्री अंथरुणावर पडून यावर विचार केला. इतक्या समीक्षा वाचल्या, पण याहून अचूक वाक्य वाचलं नव्हतं. मराठी पडद्यावरचा गवई शेवटी एक तर जिंकतो, नाहीतर मरतो. शरदचं नुसतं वजन वाढतं, मिशी येते. मग लग्न होतं, मुलगी होते. ज्या टाळीसाठी त्याने आणि आपण दोन तास श्वास धरलेला असतो ती पडतच नाही. दिग्दर्शक हात वर उचलतो आणि तसाच ठेवतो. काकांना हा दोष वाटला. मला वाटतं ती त्याची सगळ्यात धीट गोष्ट आहे. पण गोष्ट दोघांनाही तीच दिसली होती.

काकूंचं म्हणणं तिसरंच. ‘त्या आजीचं काय?’ दुसऱ्या दिवशी पातेलं न्यायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या. ‘नातवाला सांभाळते, ऐकून घेते. तिच्यावर कोणी बोलतच नाही तुम्ही.’

टोरंटोला मी कळवलं, ‘पाहिला. संथ आहे.’ त्याचा अंगठा आला.

पुढे वर्ष-दीड वर्षाने, सगळं पुन्हा सुरू झाल्यावर, काकांबरोबर एका छोट्या सभागृहात बैठकीला गेले. मोठ्या गायिकेच्या आधी एका तरुणाला अर्धा तास दिला होता. समोर तीसेक माणसं, त्यातली निम्मी संयोजकांचे नातेवाईक. ही काकांची चहाची वेळ असते. तरुणांना आशीर्वाद बाहेरूनही देता येतो, असं ते म्हणतात. मुलगा बरा होता. आवाज चांगला, पण तान हातातून निसटायची आणि ती निसटली की तो डोळे मिटून घ्यायचा. माणसं एकेक करून उठू लागली, खुर्च्या करकरल्या.

मी काकांना कोपराने खुणावलं. ‘चहा?’

‘सिनेमा कंटाळवाणाच होता,’ काका समोर बघतच म्हणाले. ‘बस जरा. कोण उठून गेलं, ते त्याला कळतं.’