वादळ यायच्या आधी कोणाकोणाची दारं वाजवायची ते ठरवा

हरिकेनची, म्हणजे अमेरिकेकडच्या मोठ्या चक्रीवादळाची, बातमी आली की सगळ्यांचं लक्ष आधी कॅटेगरीकडे जातं, आणि एक किंवा दोन ऐकलं की माणसं सुटल्यासारखा श्वास टाकतात. मला याचीच फार भीती वाटते. ती कॅटेगरी फक्त वाऱ्याची असते हो, ताशी 119 किलोमीटरला एक सुरू होते आणि 252 च्या पुढे पाच, समुद्र किती आत घुसणार हे त्या आकड्यात कुठेच नसतं. 2005 चं कॅटरिना धडकलं तेव्हा कमी होऊन तीनवर आलं होतं, तरी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी समुद्रसपाटीपासून आठ मीटरच्या वर चढलं.

टीव्हीवरच्या नकाशात वादळाच्या पुढे रुंद होत जाणारा पट्टा दाखवतात, तो कोन पण नीट समजून घ्या. वादळाचा मध्य कुठून जाईल याचाच तो अंदाज, आणि साधारण तीनातून एकदा मध्य त्या कोनाच्या बाहेरही जातो. पाऊस, वारा, पाणी तर कोनाच्या कितीतरी बाहेर पोचतं. त्यामुळे आपण रेषेच्या बाहेर आहोत म्हणून निवांत बसू नका.

मग सगळ्यांनीच पळायचं का? तर नाही. कॅटरिनानंतर महिन्याभरात रिटा आलं, ह्यूस्टनकडची लाखो माणसं धसक्याने एकदम गाड्या काढून निघाली, रस्ते तुंबले, लोक उन्हात तासन्‌तास अडकले आणि वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन चाललेल्या एका बसला आग लागून 23 जण गेले. हे वाचलं तेव्हा मला कितीतरी दिवस ते डोक्यातून गेलं नव्हतं. ज्यांच्या घरात पाणी शिरणार आहे त्यांनी निघायचं, वेळेत निघायचं, आणि उंचावर पक्क्या घरात असलेल्यांनी थांबून रस्ता त्यांच्यासाठी मोकळा ठेवायचा. आपलं घर कुठल्या झोनमध्ये, म्हणजे पाणी शिरण्याच्या धोक्यामुळे रिकामं करायला सांगतात अशा भागात, येतं का हे वादळ नसताना, आजच बघून ठेवा.

आता मला खरं जे सांगायचंय ते. पाणी माणशी रोज चार लिटर, औषधं, टॉर्च, कागदपत्रं, ही यादी सगळीकडे मिळते, ती कराच. पण दुसरी एक यादी करा, आपल्या गल्लीत स्वतःहून निघू न शकणारं कोण आहे त्याची. लुइझियानात कॅटरिनात गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी माणसं 75 किंवा त्याहून जास्त वयाची होती. कोणाकडे गाडी नाही, कोणी ऑक्सिजनच्या मशीनवर आहे, कोणाचं डायलिसिस चालू आहे, कोणाला बातम्यांची भाषाच कळत नाही, कोणी कुत्र्याला सोडून निघणार नाही म्हणून अडून बसलंय (आणि त्यात काही चूक नाही, कॅटरिनात असं इतक्या जणांचं झालं की 2006 मध्ये अमेरिकेत पाळीव प्राण्यांनाही बचावाच्या प्लॅनमध्ये धरायचा कायदा झाला). प्रत्येक नावापुढे दुसरं नाव लिहा, याला कोण घेऊन जाणार, कुठल्या गाडीतून, आणि फोन नंबर कागदावर, कारण मोबाईल बंद पडतो.

हे सगळं कधी, तर हरिकेन वॉच लागायच्या आधी. वॉच म्हणजे वादळ येऊ शकतं, तो साधारण 48 तास आधी येतो, आणि वॉर्निंग म्हणजे ते येणार असं दिसतंय, ती 36 तास आधी, पण हे तास वादळ धडकेपर्यंतचे नसतात, जोराचा वारा सुरू होईपर्यंतचे असतात! त्यानंतर शिडीवर चढून खिडकीला प्लायवूड ठोकता येत नाही, की म्हाताऱ्या माणसाला धरून गाडीपर्यंत नेता येत नाही. (खिडक्यांवर टेप चिकटवण्यात वेळ घालवू नका, काच त्याने फुटायची थांबत नाही.) आणि वाहत्या पाण्यात गाडी घालूच नका, फूटभर पाण्यात छोटी गाडी वाहून जाते.

वारा थांबला की तीच यादी घेऊन परत त्याच दारांवर जायचं. 2020 च्या लॉरा हरिकेनमध्ये वादळ निघून गेल्यावर लोक घरातल्या जनरेटरच्या धुराने गेले, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, झोपेतच माणूस संपतो. म्हणून दार वाजवलं की आधी विचारा, जनरेटर कुठे ठेवलाय? घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली असेल तर तिथल्या तिथे बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि मग तो घरापासून निदान वीस फूट लांब नेऊन ठेवा.