यादीत नसलेली गोष्ट

समुपदेशनाला येणारी जोडपी बहुधा रिकाम्या हाताने येतात. हे गृहस्थ फाइल घेऊन आले. आत दोन पानं, नीट टाइप केलेली, क्रमांक घातलेली. बायकोच्या चुकांची यादी. त्या शेजारच्या खुर्चीत पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"पाळकसाहेब, मला खोटं जमत नाही. इफिसकरांस पत्र, चौथा अध्याय, पंचविसावं वचन. लबाडी सोडा, खरं बोला." बायबलचा असा दाखला देऊन त्यांनी यादी वाचायलाच घेतली. हिशेब ठेवत नाही. पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही. उपासनेला निघताना हमखास उशीर करते.

यातलं खोटं काय, असं मी बाईंना विचारलं. "काहीच नाही. हे म्हणतात ते बरोबरच आहे." इतक्या चटकन? हमरीतुमरीवर येणाऱ्यांपेक्षा असं तत्परतेने मान डोलावणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

गृहस्थांना मी त्याच अध्यायाचं एकोणतिसावं वचन मोठ्याने वाचायला लावलं. कुजकं भाषण नको, ऐकणाऱ्याची उन्नती होईल असं बोला, असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे सांगतो. "यातली कुठली ओळ ऐकून यांची उन्नती होईल?"

ते उखडले. "म्हणजे गोडगोड बोलायचं का?"

मुळीच नाही. नाथान संदेष्टा काही गोड बोलला नव्हता. बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात तो दावीद राजाला गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो आणि दावीद संतापल्यावर त्याला तोंडावर म्हणतो, तो माणूस तूच. शिक्षाही लपवत नाही. पण दावीदाच्या चुका मोजायच्या तर दोन पानं पुरली नसती. त्या दिवशी नाथान बथशेबा आणि उरीयाचं प्रकरण तेवढं घेऊन गेला: दावीदाने उरीयाची बायको बथशेबा घेतली आणि उरीयाला मारवलं, तेवढंच. मी म्हटलं, "तुम्हीही एकच सांगा."

त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली. मग फाइल मिटून म्हणाले, "ती यात नाहीये. हिची नोकरी गेली, ते मला हिच्या बहिणीकडून कळलं."

"तुम्हाला त्रास नको म्हणून नाही सांगितलं," बाई म्हणाल्या.

"कोणाला त्रास नको म्हणून?" मी विचारलं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "मलाच. यादीत आणखी एक ओळ नको होती."

गृहस्थांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. इतका वेळ सोसणाऱ्या वाटणाऱ्या बाईंनीही खरं बोलणं टाळलंच होतं, आणि त्याला दयाळूपणाचं नाव दिलं होतं. कठोर बोलणाऱ्याला त्याची चूक दाखवणं त्यामानाने सोपं. अशी दया ओळखायलाच वेळ लागतो.

निघताना मी दोघांना एकेक वचन वाटून दिलं. पंचविसावं बाईंना, एकोणतिसावं गृहस्थांना. ही वाटणी त्यांना काही पटली नाही. पुढच्या भेटीतला निम्मा वेळ ते माझ्याशी त्यावरच वाद घालत होते, आणि एका मुद्द्यावर चक्क बाईही माझ्या विरुद्ध बोलल्या.