आमची वाटचाल: नेमका प्रश्न विचारण्याचा व्यवसाय

2015 मध्ये नोकरी सोडून मी कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि पर्सनल कोचिंग सुरू केलं. त्याआधी एका कारखान्यात एचआरला होते. कामगारांचं ट्रेनिंग बघायचे, एनएलपीही (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे भाषेतून माणसाची विचार करण्याची आणि वागण्याची सवय बदलू पाहणारी पद्धत) तिथेच शिकले. पुढे धाकटी बहीण हिशोब आणि अपॉइंटमेंट सांभाळायला आली आणि फर्म उभी राहिली.

एनएलपीचा उगम 1970 च्या दशकातला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथला. रिचर्ड बँडलर तिथे विद्यार्थी होते आणि जॉन ग्राइंडर भाषाशास्त्र शिकवत. फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सॅटीर, मिल्टन एरिक्सन हे नावाजलेले मानसोपचारक समोरच्याशी बोलतात कसे, हे दोघांनी बारकाईने टिपलं. त्यातून निघालेली प्रश्न विचारण्याची पद्धत म्हणजे मेटा मॉडेल, आणि आमचं निम्मं काम तिच्यावरच चालतं. ‘घरात माझं कुणीच ऐकत नाही’ असं कुणी म्हणालं की आम्ही समजूत घालत बसत नाही. कुणीच म्हणजे कोण? शेवटचं कधी ऐकलं नाही? तुम्ही नेमकं काय म्हणाला होता? असं विचारत गेलं की बहुतेक वेळा एक माणूस आणि एक विषय उरतो. तेवढ्यावर काम करता येतं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीमालकाचा मुलगा आला होता. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.) नवीन मशीन घ्यायचं होतं, पण आबांसमोर तोंड उघडत नव्हतं. आम्ही तीन खुर्च्या मांडल्या. पहिल्या खुर्चीत तो स्वतः: “आबा, आता निर्णय मला घेऊ द्या की.” दुसऱ्या खुर्चीत बसून तो आबा झाला. मांडीवर हात ठेवले, आवाज जड झाला: “कर्ज काढून भट्टी पेटवलीय मी. हप्ता कोण भरणार, सांग.” तिसरी खुर्ची त्रयस्थाची. तिथे बराच वेळ गप्प बसून म्हणाला, “मॅडम, म्हातारा आकडे मागतोय आणि हा पोरगा नुसतं ‘द्या, द्या’ म्हणतोय.”

पुढच्या आठवड्यात तो कोटेशन आणि हप्त्यांचा तक्ता घेऊन आबांसमोर बसला. आबांनी लगेच होकार दिला नाही. आणखी दोन कोटेशनं मागवली. पण बोलणं सुरू झालं, आणि तो आला होता त्यासाठीच.

स्टेजची भीती असलेल्यांना आम्ही अँकरिंग शिकवतो, म्हणजे बोटं जुळवण्यासारखी एखादी खूण आत्मविश्वासाच्या आठवणीशी जोडायची; सरावाने बऱ्याच जणांना उपयोग होतो. मात्र एनएलपीच्या नावावर जे सर्रास विकलं जातं, त्यातलं बरंच आमच्याकडे मिळणार नाही. डोळे कुठल्या बाजूला गेले यावरून खोटं ओळखता येतं, हा दावा मानसशास्त्रज्ञांनी तपासला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्याला आधार सापडला नाही. एकूणच एनएलपीचे शास्त्रीय पुरावे तोकडे आहेत, आणि हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. ते ऐकून कुणी उठून गेलं तरी चालेल. झोप उडालेली, जगण्यात रस उरलेला नाही असं कुणी सांगितलं, तर कोचिंग तिथेच थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून देतो. तिथे खुर्च्या मांडत बसणं हा गुन्हा आहे, असं मी मानते.

पॅकेज विकायचं नाही, हे आम्ही दोघी बहिणींनी सुरुवातीलाच ठरवलं. दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेतले की माणूस नको असतानाही येत राहतो. आमची फी बैठकीगणिक आहे, आणि पुढची तारीख क्लायंटने स्वतः मागायची.